वर्गात प्रश्न विचारणं: शिक्षक, पालक आणि विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न

मी सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. शिक्षण परिषदेत, पालकसभेत, स्टाफरूममध्ये चहा घेताना, सगळीकडे फिरून फिरून हेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. क्रम असा काही नाही, तुम्हाला हवा तो प्रश्न आधी वाचा.

धडा संपल्यावर मी "समजलं का?" विचारते, मुलं "हो बाई" म्हणतात. झालं की प्रश्न विचारून?

नाही हो. "समजलं का?" ला वर्गात एकच उत्तर असतं आणि ते सुरात येतं. ज्याला समजलंय तो हो म्हणतो, ज्याला नाही समजलं तो जरा जास्तच जोरात म्हणतो कारण नाही म्हटलं तर सगळा वर्ग वळून बघणार, आणि ज्याला आपल्याला समजलेलं नाही हेच कळलेलं नाही तो तर अगदी मनापासून हो म्हणतो. या तिसऱ्या मुलापर्यंत आपण कधी पोचतच नाही आणि खरी काळजी त्याचीच करायला हवी.

त्याऐवजी असं विचारा की उत्तर देता देता समजलंय की नाही ते आपोआप बाहेर पडेल. पृथ्वीचं परिवलन शिकवून झालं ना, मग विचारा, आत्ता आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेत तर न्यूयॉर्कमधला माणूस आत्ता काय करत असेल आणि का? "झोपला असेल" एवढं कोणीही सांगेल, पण "का" ला उत्तर द्यायला डोक्यात पृथ्वी फिरवावी लागते.

मग चांगला प्रश्न म्हणजे नक्की कसा?

व्याख्या सांगत बसण्यापेक्षा एक प्रश्न पूर्ण उलगडूनच दाखवते, माझा फार लाडका आहे. खिडकीतून कडुनिंबाचं झाड दिसतं, ते दाखवायचं आणि विचारायचं, हे झाड एका बी पासून आलं, मग एवढं सगळं लाकूड आलं कुठून?

पहिलं उत्तर हमखास "मातीतून". सगळ्यांचं. मग विचारायचं, एवढं लाकूड मातीतून आलं तर झाडाखाली खड्डा का नाही पडला? इथे वर्ग गप्प होतो, आणि ही शांतता फार चांगली असते, ती मोडू नका. मग कोणीतरी म्हणतं की घरी कुंडीत तुळस आहे, ती एवढी वाढली पण माती काय फारशी कमी झाली नाही. कोणीतरी म्हणतं पाणी असेल. खताचं नाव निघतं. सगळं फळ्यावर लिहायचं, बरोबर-चूक काही बोलायचं नाही.

मग व्हॅन हेल्माँटची गोष्ट सांगायची. सतराव्या शतकातला बेल्जियमकडचा माणूस, त्याने मोठ्या कुंडीत २०० पौंड कोरडी माती मोजून भरली, त्यात ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडाच्या वर, म्हणजे पाऊणशे किलोच्या आसपास, आणि माती परत वाळवून तोलली तर कमी झाली होती जेमतेम २ औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही. मुलांचे डोळे मोठे होतात. आता कुठून आलं लाकूड? "पाण्यातून!" हेल्माँटही हेच म्हणाला होता. मग म्हणायचं, तोही अर्धाच बरोबर होता, मागच्या महिन्यात आपण प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण लिहिलं होतं ते काढा बघू वहीत. कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी... आणि तेव्हा एखादी पोर हळूच म्हणते, बाई, म्हणजे हवेतून?

समीकरण सगळ्यांना पाठ असतं. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क असतात. पण तेच समीकरण समोरच्या झाडाला लागू होतं, झाडाचं लाकूड बरंचसं हवेतल्या कार्बनचं बनलेलं असतं, हे कोणी विचारेपर्यंत डोक्यात जोडलंच जात नाही. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, हवेला वजन असतं का? तो दुसऱ्या दिवसाचा तास.

तर चांगला प्रश्न माझ्या मते असा, की ज्यावर प्रत्येक मुलाला काहीतरी बोलता येतं, पुस्तकातली ओळ वाचून सुटका होत नाही, आणि आलेल्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न सापडतो.

प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबायचं? कोणी बोलतच नाही मग मलाच उत्तर सांगावं लागतं.

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि ट्रेनिंगमध्ये याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, १९७० च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी थांबत होते फक्त १ सेकंद. तेवढ्यात मूल बोललं नाही तर प्रश्न परत, नाहीतर दुसऱ्याला, नाहीतर स्वतःच उत्तर. मग त्यांनी शिक्षकांना निदान ३ सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं कितीतरी पटीने लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, आणि जी मुलं एरवी मागे बसून गप्प असायची ती बोलायला लागली. मुलांकडून उलटे प्रश्नही वाढले.

त्यांनी दोन ठिकाणी थांबायला सांगितलं होतं, आपल्याला एकच माहीत असतं. एक प्रश्न विचारल्यावर, आणि दुसरं मुलाने उत्तर दिल्यावर! मूल बोलून थांबलं की आपण लगेच "शाब्बास" किंवा "चूक, बस खाली" म्हणून मोकळे होतो. तिथे ३ सेकंद गप्प राहून बघा, मूल स्वतःच पुढे म्हणतं, "म्हणजे बाई, कारण..." आणि खरा विचार त्या "कारण" च्या पुढे असतो.

३ सेकंद ऐकायला काहीच नाही वाटत पण चाळीस पोरांसमोर उभं राहून गप्प राहणं फार जड जातं. मनात "एक गणपती, दोन गणपती, तीन गणपती" मोजा.

तीच तीच चार मुलं हात वर करतात. बाकीच्यांना कसं बोलतं करायचं?

हात वर करा हा नियमच काही दिवस बंद करा. आधी प्रश्न विचारा, मग थांबा, मग नाव घ्या. क्रम महत्त्वाचा आहे बरं का, "रोहन, सांग..." असं आधी नाव घेतलं की उरलेल्या एकोणचाळीस जणांनी विचार करायचं कारणच संपतं. हजेरी नंबराच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एक चिठ्ठी काढायची हाही सोपा उपाय आहे, कोणाला वाटत नाही की बाई मुद्दाम मलाच पकडतात.

त्याआधी एक मिनिट वहीत लिहायला किंवा शेजाऱ्याशी बोलायला द्या. लाजाळू मूल एकदम वर्गासमोर नाही बोलत पण शेजारणीला सांगतं, आणि एकदा सांगून झालेलं उत्तर परत सांगायला भीती कमी वाटते. आणि भाषेचं बघा. घरी अहिराणी, वऱ्हाडी, वारली, कोकणी, जे काय बोलत असेल त्यात उत्तर दिलं तर आधी उत्तर ऐका, शुद्धलेखनाचं नंतर बघू. पहिल्याच वाक्याला "असं नाही, असं म्हण" केलं की ते मूल पुढचे सहा महिने बोलणार नाही.

उत्तर चुकीचं आलं तर? सगळ्यांसमोर चूक म्हणायचं नाही का?

चुकीला चूक म्हणायलाच हवं, उगाच "छान प्रयत्न" म्हणत पुढे जाऊ नका, मुलांना ते कळतं. पण चूक म्हणायच्या आधी ते उत्तर आलं कुठून ते विचारा. १/३ मोठा की १/४? अर्धा वर्ग सांगतो १/४. का? "चार तीनापेक्षा मोठा." हे काही डोकं न चालवता दिलेलं उत्तर नाही, पूर्ण संख्यांमध्ये जे नेहमी खरं असतं तेच त्यांनी इथे लावलंय. आता विचारा, एक भाकरी तीन जणांत वाटली आणि तेवढीच दुसरी भाकरी चार जणांत, तुला कुठल्या पंगतीत बसायला आवडेल? लगेच हसतात आणि स्वतःच स्वतःचं उत्तर खोडतात. "चूक, १/३ मोठा" असं मी सांगितलं असतं तर त्यांनी ते पाठ केलं असतं आणि १/७ आणि १/९ आलं की परत तेच.

मग रिकाम्या जागा भरा, एका वाक्यात उत्तरे द्या हे सगळं टाकून द्यायचं का?

अजिबात नाही, आणि इथे माझं मत थोडं वेगळं आहे. हल्ली पाठांतराचे प्रश्न म्हणजे वाईटच असं बोलायची पद्धत पडलीये. पण आठवून सांगणं ही शिकण्याची फार दमदार पद्धत आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला, कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला, काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. एका आठवड्याने विचारलं तर उलटं, दोनदा वाचणाऱ्यांना साधारण ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणजे तासाच्या सुरुवातीला कालच्या धड्यावरचे पाच साधे प्रश्न, वही बंद ठेवून, मार्क न देता, हे रोज करावं. गडबड कुठे होते, तर आपण तेवढ्यावरच थांबतो. बालभारतीच्या पुस्तकात "सांगा पाहू", "जरा डोके चालवा" असे चौकोन दिलेले आहेत, किती चांगले प्रश्न असतात त्यात, पण बऱ्याच वर्गांत ते वाचून लगेच उत्तर डिक्टेट केलं जातं. डोकं चालवायचा चौकोन डिक्टेशनचा झाला की मग उरलं काय?

वर्गात साठ मुलं आहेत, सिलॅबस संपत नाही. एवढं सगळं करायला वेळ कुठून आणायचा?

खरी अडचण आहे, नाही म्हणणार नाही. एका तासात एकच मोठा प्रश्न घ्या, जास्त नको. एरिक माझूर म्हणून हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांच्यासमोर तर शंभराच्या वर मुलं असायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं की मुलं अवघड गणितं सोडवतात पण साध्या प्रश्नाला अडखळतात. मग त्यांनी लेक्चर मध्येच थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली. उदाहरणार्थ, चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलायचा दर, किती? बरीच मुलं शून्य म्हणतात, कारण तिथे वेग शून्य असतो. तुम्हीही क्षणभर तेच म्हणालात का? त्वरण तिथेही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच असतं, खालच्या दिशेने.

पद्धत अशी की आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मत द्यायचं, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचं, परत मत द्यायचं. आपल्याकडे क्लिकर, म्हणजे बटण दाबून मत द्यायचं यंत्र, नको, एक बोट म्हणजे अ, दोन बोटं म्हणजे ब, हात छातीजवळ धरून म्हणजे मागच्याला दिसत नाही. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. साठ मुलांचा वर्ग इथे उलट फायद्याचा ठरतो, वेगवेगळी उत्तरं भरपूर मिळतात.

मुलं स्वतःहून काही विचारतच नाहीत. त्यांना प्रश्न पडत नाहीत का?

पडतात, पण शाळेत विचारत नाहीत. टिझार्ड आणि ह्यूज या दोघांनी लंडनमधल्या चार वर्षांच्या मुलींचं घरातलं आणि नर्सरीतलं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, १९८४ मध्ये ते छापून आलं. त्याच मुली घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या आणि शाळेत शिक्षिकेला २. चार वर्षांच्या वयातच! आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

एक कारण म्हणजे भीती. "एवढं पण कळत नाही?" हे एक वाक्य पुरतं. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये कलम १७ ने मारण्याबरोबरच मानसिक छळालाही बंदी घातली आहे, आणि कलम २९ मध्ये मुलाला भीतीपासून मुक्त ठेवून मत मोकळेपणाने मांडायला मदत करा असं सरळ लिहिलंय. म्हणजे मुलाने न घाबरता विचारावं ही बाईंची मेहरबानी नाही, कायद्याने दिलेलं आहे.

करायला सोपं काय, तर प्रश्नपेटी. बुटाचा रिकामा खोका, वर फट, नाव लिहायची सक्ती नाही, आणि शनिवारच्या परिपाठात त्यातले दोन प्रश्न वाचायचे. रात्री कुत्री का रडतात, समुद्राचं पाणी खारट तर पाऊस गोडा का, आजीच्या हातावर सुरकुत्या आणि माझ्या हातावर का नाहीत, एकेक बघून थक्क व्हायला होतं. हे काही नवीन नाही, मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. खेड्यातली मुलं सवालीरामला पत्र लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांना उत्तर यायचं. पत्राला उत्तर येतं हे कळलं की मूल परत लिहितं, इतकं ते सरळ आहे. म्हणून पेटी ठेवली तर ती उघडा, आठवड्यानंतर धूळ खात पडली तर न ठेवलेली बरी.

मुलाने विचारलं आणि मलाच उत्तर येत नसेल तर? इज्जत जाते हो वर्गात.

नाही जात. प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलाद ऋषींकडे प्रश्न घेऊन जातात, तेव्हा ते म्हणतात वर्षभर इथे राहा, मग हवं ते विचारा, आणि आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू. माहीत असेल तर! एवढा मोठा गुरू पहिल्याच भेटीत ही अट घालतो तर आपण कशाला लाजायचं. "मला माहीत नाही, कसं शोधता येईल सांगा बरं" असं म्हणा, फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहा आणि सुटेपर्यंत पुसू नका. फक्त "ते पुढच्या वर्षी आहे" असं म्हणून टाळू नका.

पण प्रश्न विचारणं आपल्या परंपरेत बसतं का? मोठ्यांना उलट विचारू नये असंच शिकवतात ना.

दोन्ही आहे आपल्याकडे आणि दोन्ही खरं आहे. बृहदारण्यक उपनिषदात भर सभेत गार्गी याज्ञवल्क्याला प्रश्नावर प्रश्न विचारते तेव्हा तो म्हणतो, फार विचारू नकोस, मस्तक गळून पडेल. आणि तीच गार्गी त्याच सभेत परत उभी राहून आणखी दोन प्रश्न विचारते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या भोवती महदाइसा सतत काही ना काही विचारत असायची आणि स्वामींनी तिच्या या जिज्ञासेचं कौतुकच केलंय, लीळाचरित्रात आहे ते. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच.

पण विचारायची परवानगी सगळ्यांना नव्हती हे झाकून ठेवू नये. ज्यांना शाळेच्या दारात उभं करत नव्हते त्यांच्या प्रश्नांचं काय? मुक्ता साळवे ही जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला, आणि त्यात ती थेट विचारते की वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता? थोडीच वर्षं शाळेत जाऊन एका मुलीने सगळ्या समाजाला उत्तर देता येणार नाही असा प्रश्न टाकला. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या इतिहासात याच्या तोडीचा प्रश्न नाही, आणि आठवीच्या वर्गात तो निबंध मोठ्याने वाचायलाच हवा.

सारखे प्रश्न विचारून मुलं आगाऊ होतील अशी भीती वाटते.

प्रश्न विचारणं आणि अपमान करणं यातला फरक मुलांना शिकवता येतो. "हे तुम्हाला कसं कळलं?" हा प्रश्न मुलाने मला विचारावा, मित्राला विचारावा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फॉरवर्डलाही विचारावा. लहानपणी बाईंना विचारायची सवय नसेल तर मोठेपणी भामट्याला विचारणार कसं?

पालक म्हणून घरी काय करू? "आज काय शिकवलं?" विचारलं की "काही नाही" उत्तर येतं.

कारण प्रश्न फार मोठा आहे, दिवसभराचं एका वाक्यात काय सांगणार ते. बारीक विचारा. आज वर्गात कोणी काय मजेशीर विचारलं? आज कुठली गोष्ट पटली नाही? आणि रात्री स्वयंपाक करताना मूल "कुकरची शिटी का होते" विचारत असेल तर ताबडतोब यूट्यूब लावून देऊ नका, "तुला काय वाटतं?" म्हणा आणि खरंच ऐका. दमलेले असाल तर उद्या सांगते म्हणा, चालतं, पण उद्या आठवणीने सांगा.

मी दहावीला आहे. एकटाच अभ्यास करतो, मला कोण प्रश्न विचारणार?

तूच, अरे. पान वाचून झालं की पुस्तक बंद कर आणि लिही, यात काय होतं? मग प्रत्येक पायरीला विचार, हे असं का, आणि असं नसतं तर काय झालं असतं? सोडवलेलं गणित वाचताना पुढची ओळ हाताने झाकून "आता काय करतील?" हे आधी ठरव. हळू होतं, दोन तासांत चार पानं होतील, पण ती चार पानं तुझी होतील. हायलायटरने पूर्ण पान पिवळं करून यातलं काहीच होत नाही.

आता एआयला विचारलं की दोन सेकंदात उत्तर मिळतं. मग वर्गात प्रश्न कशाला?

उत्तर मिळेल, पण काय विचारायचं हे सुचायला हवं आणि आलेलं उत्तर तपासायला हवं, आणि या दोन्हीची सवय वर्गातच लागते. मी तर आठवीला हे करायला लावते, झाडाच्या लाकडाचा प्रश्न मशीनला विचारा, उत्तर वहीत उतरवा आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे "हे मी कसं तपासेन?" लिहा.

मुलांनाच प्रश्नपत्रिका काढायला लावली तर चालेल का?

जरूर लावा, गटात. पण एक अट घाला, उत्तर पुस्तकातल्या एका ओळीत सापडत असेल तर तो प्रश्न बाद. पहिल्या खेपेला सगळे "म्हणजे काय?" छापाचे येतात आणि बरेचसे बादच होतात. थोडे दिवस जाऊ द्या, मग एकमेकांना अडवायला म्हणून असे प्रश्न काढतात की आपल्यालाही बसून विचार करावा लागतो. त्यातले दोन घटक चाचणीत खरंच घाला आणि पेपरवर प्रश्नाखाली त्या गटाचं नाव छापा.